डॉक्टर कोणाचा?

१९९३ च्या फेब्रुवारीत आमच्या प्लँटमधल्या ओल्या फरशीवरून माझा पाय घसरला आणि उजव्या खांद्यावर सगळा भार घेऊन मी आडवा झालो. न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत मी तेव्हा केमिस्ट होतो. कंपनीच्या नर्सने एक फॉर्म भरून घेतला, हातात एका क्लिनिकचा पत्ता दिला आणि गाडीने तिकडे पाठवले. क्लिनिकच्या दारावरच्या पाटीवर आपलेच आडनाव पाहिले आणि अर्धे दुखणे तिथेच पळाले. डॉक्टर नागपूरचे निघाले. मुंबई-नागपूर हवामान, संत्री, मुलांची कॉलेजे असे सगळे बोलणे झाले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले नव्हते. "स्नायू आखडलाय," असे सांगून त्यांनी गोळ्या दिल्या आणि 'हलके काम चालेल' अशा चिठ्ठीवर मला दुसऱ्या दिवशी कामावर धाडले.

तीन आठवडे झाले तरी हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट घालायला बायकोची मदत लागू लागली. मग मी आपल्या रीतीप्रमाणे वागलो. मंडळातल्या एका स्नेह्याच्या ओळखीने दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एम.आर.आय. काढला. खांद्याचा स्नायुबंध फाटलेला होता, ऑपरेशन सुचवले होते. मी समाधानाने घरी आलो, कारण निदान निदान तरी झाले होते.

समाधान बिले येईपर्यंत टिकले. आमच्या नेहमीच्या आरोग्यविम्याने कळवले की दुखापत कामावर झाली आहे, तेव्हा हा खर्च आमचा नाही. वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या इन्शुरन्स कंपनीने कळवले की या डॉक्टरांकडे जायची परवानगी आम्ही दिलेली नव्हती, तेव्हा हा खर्च आमचाही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

पुढच्या भेटीत मी नागपूरच्या डॉक्टरांपुढे एम.आर.आय.चा कागद ठेवला आणि जरा घुश्शातच बोललो. त्यांनी तो शांतपणे वाचला. उठून दार लावले आणि मराठीत म्हणाले, "हे बघा, या खोलीत मी तुमचा डॉक्टर आहे असं समजू नका. माझा रिपोर्ट इन्शुरन्सकडे जातो. मी एम.आर.आय.बद्दल आज लिहीन. पण जे मागायचंय ते तुम्ही स्वतः मागा, आणि लेखी मागा."

त्या वाक्याने मी रागावलो, आणि त्याच वाक्याने मला पुढे वाट दिसली. मी लेखी मागितले. उत्तर आले नाही तेव्हा वकील गाठला. राज्याच्या कामगार-भरपाई न्यायाधीशांपुढे अर्ज गेला, आणि सुनावणीच्या आदल्या आठवड्यात इन्शुरन्सने दुसऱ्या सर्जनला मंजुरी दिली. ऑपरेशन झाले. हात आज डोक्यावर जातो, मात्र पाठीमागे पुरता जात नाही. सात महिने उशीर झाला होता, त्याची ती खूण.

पण एक प्रश्न मनात राहून गेला. आजारी मी, दुखणे माझे, तर डॉक्टर निवडण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती कसा गेला? निवृत्तीनंतर गावच्या लायब्ररीत बसून या प्रश्नामागचा इतिहास वाचत गेलो. तो इतका जुना आणि आपल्याही घराशी इतका जोडलेला असेल असे वाटले नव्हते.

हात गेला, खटलाही गेला

सुरुवात करू या १८३७ पासून. बोस्टन अँड वुस्टर रेल्वेवर निकोलस फारवेल नावाचा इंजिनचालक होता. एका सांधेवाल्याच्या चुकीने गाडी रुळावरून घसरली आणि फारवेलचा उजवा हात चिरडला. त्याने रेल्वेवर दहा हजार डॉलरचा दावा लावला. १८४२ साली मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी निकाल दिला तो फारवेलच्या विरुद्ध. चूक सहकाऱ्याची होती, मालकाची नव्हे. शिवाय धोक्याच्या कामाला पगार जास्त मिळतो, त्यातच धोक्याची किंमत आली, असा त्याचा मथितार्थ. फारवेलचा पगार होता दिवसाला दोन डॉलर.

यात आणखी दोन बचावांची भर होती. कामगाराची स्वतःची थोडीशीही चूक असली तर दावा बाद. धोका माहीत असून काम पत्करले असेल तरीही बाद. या तीन दारांतून निसटून फार थोडे जखमी कामगार भरपाईपर्यंत पोचत. क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी पिट्सबर्गच्या परिसरातल्या, म्हणजे ॲलेगेनी काउंटीतल्या अपघातांची घरोघर जाऊन पाहणी केली. १९०६ च्या जुलैपासून एका वर्षात त्या एका काउंटीत ५२६ माणसे कामावर मेली होती. १९१० साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि मागे राहिलेल्या बायकामुलांच्या हाती किती थोडे पडले ते सगळ्या देशाने वाचले.

कंपनीचा डॉक्टर

कायदा आला नव्हता तेव्हाही डॉक्टर होता, आणि तो कंपनीचा होता. हे मला वाचनातले सगळ्यात महत्त्वाचे वाटले. रेल्वे कंपन्यांनी आपली इस्पितळे उभारली. सेंट्रल पॅसिफिकने १८७० च्या सुमारास सॅक्रॅमेंटोत मोठे इस्पितळ चालवले, आणि त्यासाठी नोकरांच्या पगारातून महिन्याला पन्नास सेंट कापले. रेल्वे सर्जनांची देशव्यापी संघटना १८८८ साली निघाली. रुळाच्या दोन्ही बाजूंना शेकडो मैल दुसरा डॉक्टर नसे, तेव्हा हा सर्जन म्हणजे देवमाणूसच. मात्र तोच सर्जन पुढे कोर्टात उभा राहून जखम किती किरकोळ होती हेही सांगे. मलमपट्टी आणि साक्ष ही दोन कामे एकाच माणसाकडे होती.

कोळशाच्या खाणीत तर डॉक्टर म्हणजे पगाराच्या पावतीवरची एक ओळ. घरभाडे, दुकानाचे बिल, स्फोटकांचे पैसे आणि डॉक्टरचे पैसे असे सगळे आधीच कापून हातात उरेल ते मिळे. पैसे खाणकामगाराचे, नेमणूक मालकाची. डॉक्टर आवडला नाही म्हणून दुसरा करावा म्हटले तरी पहिल्याचे पैसे कापले जातच राहत.

औद्योगिक विषबाधेचा अमेरिकेत पाया घालणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१० पासून शिशाच्या कारखान्यांत हिंडून आजारी कामगार शोधले. कारखान्याची नोकरी पत्करणाऱ्या डॉक्टराकडे त्या काळी त्याचे व्यवसायबंधू हीन नजरेने पाहत, असे त्यांनी १९४३ च्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. सगळे कंपनी डॉक्टर वाईट होते असे त्यांचे म्हणणे नव्हते, माझेही नाही. पण चांगल्या माणसालाही पगार कोण देतो हे विसरता येत नाही.

१९११ चा सौदा

मग आले १९११ साल. न्यूयॉर्क राज्याने आदल्या वर्षी भरपाईचा कायदा केला होता. २४ मार्च १९११ रोजी तिथल्या सर्वोच्च कोर्टाने तो रद्द केला. मालकाची चूक सिद्ध न होता त्याच्याकडून पैसे घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे, असे कोर्टाचे म्हणणे. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, मॅनहॅटनमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ जण गेले. बहुतेक पोरसवदा मुली, ज्यू आणि इटालियन. आपल्यासारख्याच, बोटीने आलेल्या घरांतल्या.

त्यानंतर दहा दिवसांनी, ४ एप्रिलला, न्यू जर्सीत गव्हर्नर वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत भरपाईचा कायदा झाला. मे महिन्यात विस्कॉन्सिनचा झाला. न्यूयॉर्कने राज्यघटना दुरुस्त करून पुन्हा कायदा आणला, आणि १९१७ साली देशाच्या सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. अठ्ठेचाळीस राज्यांतले शेवटचे मिसिसिपी, १९४८ साली.

या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी एक सौदा आहे. कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा. बदल्यात चूक कोणाची हे न विचारता मालकाने औषधपाणी करायचे आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग द्यायचा. वेदनेचे, मनस्तापाचे पैसे नाहीत, पण थोडे का होईना ते नक्की. व्यवहार म्हणून वाईट नव्हता. (आंतरराज्य रेल्वेचे नोकर मात्र या सौद्याच्या बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी १९०८ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे, आणि ते आजही रेल्वेवर दावा लावतात.)

पण सौद्यात एक जागा मोकळी राहिली. चूक कोणाची हा प्रश्न गेला, त्याच्या जागी दुसरे प्रश्न आले. दुखापत खरी आहे का? कामामुळे झाली का? माणूस कामावर परत कधी जाईल? कायमचे अपंगत्व किती टक्के? या चारही प्रश्नांची उत्तरे डॉक्टर देतो. पूर्वी जे ज्यूरी ठरवत असे ते आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठरू लागले. म्हणजे डॉक्टर कोणी निवडायचा याला न्यायाधीश कोणी निवडायचा इतके महत्त्व आले, आणि नेमके त्याविषयी प्रत्येक राज्याने आपापले उत्तर दिले.

दोन शेजारी, दोन उत्तरे

न्यू जर्सीचे उत्तर सरळ आहे. खर्च मालकाचा, म्हणून निवड मालकाची. तातडीचा प्रसंग असला, किंवा मागूनही मालकाने उपचार नाकारले, तरच कामगाराने आपला डॉक्टर करावा. मी न मागता गेलो, तिथेच माझे चुकले.

हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्येही सुरुवातीला बहुधा मालकच डॉक्टर ठरवीत. परिणाम असा झाला की इन्शुरन्स कंपन्यांशी बांधलेल्या धंदेवाईक क्लिनिकांचे पीक आले. रोगी पाठवणाऱ्याला टक्केवारी, पाठवलेल्या रोग्याला दोन मिनिटे. चौकशी समित्या बसल्या, आणि १९३५ साली कायदा बदलला. राज्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरांपैकी कोणाहीकडे कामगाराने आपल्या पसंतीने जावे, मान्यतेसाठी काउंटीच्या वैद्यकीय संस्थेची शिफारस लागावी, आणि फीमधला वाटा देणेघेणे बंद व्हावे असे ठरले. तत्त्व आजही तेच आहे. एडिसनला राहून मॅनहॅटनला कामाला जाणारा आपला माणूस कोणत्या बाजूला पडला यावर त्याचा डॉक्टर ठरू शकतो. नदी तीच, खांदा तोच, हक्क वेगळा.

खाणकामगारांनी हाच हक्क कायद्याऐवजी करारातून मिळवायला घेतला. १९४६ च्या मोठ्या संपात सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, तेव्हा झालेल्या करारात कामगारांच्या कल्याणनिधीबरोबर खाणवस्त्यांच्या वैद्यकीय पाहणीचेही कलम होते. आरमाराचे वैद्यकीय अधिकारी रिअर ॲडमिरल जोएल बून यांच्या देखरेखीखालचा तो अहवाल १९४७ साली निघाला. पगारातून पैसे कापून मालकाने डॉक्टर नेमण्याची पद्धत त्यात उघडी पडली. पुढे संघटनेच्या निधीने १९५६ साली केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात स्वतःची दहा इस्पितळे उघडली.

तरीही सर्वात मोठा धडा १९६९ चा. खाणीतल्या धुळीने फुप्फुसे काळी पडून माणसे धापा टाकत मरत होती. त्याला पिढ्यान् पिढ्या 'खाणवाल्यांचा दमा' म्हणून बाजूला सारले गेले होते. डॉ. बफ, डॉ. रॅस्मुसेन आणि डॉ. वेल्स हे तीन डॉक्टर वेस्ट व्हर्जिनियात गावोगाव सभा घेऊन सांगत फिरले की हा दमा नव्हे, धंद्याचा रोग आहे. फेब्रुवारीत हजारो कामगार संपावर गेले आणि राज्याचा कायदा बदलल्यावरच परतले. वर्षअखेरीस केंद्राचाही कायदा झाला. डॉक्टर कोणाचा यावर कधीकधी रोगाचे नावसुद्धा ठरते, ते असे.

लालबागचा पॅनेल डॉक्टर

इथे वाचता वाचता मला माझे वडील आठवले. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मी सहा-सात वर्षांचा असताना मागावरून धोटा उडून त्यांच्या मनगटावर बसला. अमेरिकेतला हा सगळा इतिहास चालू होता तेव्हा त्यांच्यासाठी कोणता कायदा होता, हे मी कधी शोधलेच नव्हते.

धागा पुन्हा अमेरिकेतच सापडला. १९१९ च्या शरदात वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली, आणि हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेले होते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे, परळच्या चाळींत सोशल सर्व्हिस लीगचे काम उभे करणारे आपले ना. म. जोशी. त्यानंतर १९२१ पासून ते केंद्रीय कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बोलत होते. त्याच काळात, १९२३ साली, हिंदुस्थानचा कामगार-भरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

त्याचे ११ वे कलम मी वाचले आणि न्यू जर्सीची आठवण झाली. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने फुकट तपासणी देऊ केली, तर कामगाराने मालकाच्या डॉक्टराकडून तपासून घेतलेच पाहिजे. नकार दिला तर भरपाईचा हक्क स्थगित. आणि पुढचे पोटकलम तर आपल्या कोकणी गिरणी कामगारावर नजर ठेवून लिहिल्यासारखे आहे. तपासणीच्या मुदतीआधी माणूस कामाची जागा सोडून निघून गेला, तर तो परत येईपर्यंत हक्क स्थगित. हात मोडलेला माणूस त्या काळी दुसरे काय करणार? बोट पकडून गावीच जाणार. आईच्या हातचा शेक, गावच्या वैदूचा लेप, आणि पोटाला भाकरी तरी नक्की.

पुढची पायरी दुसऱ्या महायुद्धातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. त्यांचा अहवाल १९४४ चा. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत, आणि १९५४ साली मुंबईत 'ई.एस.आय.' सुरू झाली. मुंबईत ती पॅनेल पद्धतीने चालली. आपापल्या दवाखान्यात बसणाऱ्या खाजगी डॉक्टरांची यादी करायची, आणि विमेदार कामगाराने त्यातला जवळचा, पसंतीचा डॉक्टर आपल्या नावावर लावून घ्यायचा.

आमच्या चाळीखाली असा एक पॅनेल डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात बाकावर बसून मी मिक्स्चरच्या बाटलीवर चिकटवलेली डोसाची कागदी पट्टी मोजलेली आहे. वडिलांच्या मनगटासाठी त्याने आधी तीन आठवड्यांचे आणि मग आणखी दोन आठवड्यांचे सर्टिफिकेट दिले. गिरणीतला जॉबर कुरकुरला. "डॉक्टरनं लिहिलंय, मी नाय लिवलं," एवढेच वडील म्हणाले. औषध पातळ होते, रांग लांब होती, ई.एस.आय.ला लोक नावे ठेवत ते खोटे नव्हते. पण तो डॉक्टर त्यांनी निवडलेला होता. सातवी पास साचेवाल्याला जी निवड लालबागेत होती, ती त्याच्या एम.एस्सी. झालेल्या मुलाला न्यू जर्सीत नव्हती. खुर्चीत मागे टेकून मी बराच वेळ गप्प बसलो.

मालकांचेही म्हणणे

दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. आपल्यातले कितीतरी जण आज स्वतः मालक आहेत आणि प्रीमियमची नोटीस आली की त्यांनाही घाम फुटतो. १९७२ साली राष्ट्रीय आयोगाने एकमताने अहवाल दिला. पहिला डॉक्टर कामगाराने निवडावा, सर्व परवानाधारकांतून किंवा राज्याच्या यंत्रणेने मान्य केलेल्या यादीतून, अशी त्यात शिफारस होती. कॅलिफोर्नियाने १९७५ साली तीस दिवसांनंतर कामगाराला मोकळी निवड दिली. सरकारी नोकरांना केंद्राने १९७४ साली ती दिली. मग खर्च वाढत गेले, काही ठिकाणी वकील आणि क्लिनिके यांची साखळी जमली, आणि १९९० च्या दशकात वारे उलटे वाहू लागले. पेनसिल्व्हेनियात मालकाच्या यादीला बांधून राहण्याची मुदत १९९३ मध्ये तीस आणि १९९६ मध्ये नव्वद दिवस झाली. कॅलिफोर्नियाने २००४ च्या सुधारणेत मालकांना डॉक्टरांचे जाळे उभारू दिले.

२००५ साली वर्कर्स कॉम्पेन्सेशन रिसर्च इन्स्टिट्यूटने चार राज्यांतल्या जखमी कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. कामगाराने स्वतः डॉक्टर निवडला तेव्हा खर्च बहुधा जास्त आला आणि कामावर परतणे लांबले, पण समाधान अधिक होते. मात्र निवडलेला डॉक्टर पूर्वीपासून ओळखीचा असला तर खर्चातला फरक ठामपणे दिसला नाही. मला यातले शेवटचे वाक्य मोलाचे वाटते. आपल्याला आधीपासून ओळखणारा डॉक्टर महाग पडतोच असे नाही. महाग पडते ते अपघातानंतर घाईने शोधलेले कोणीतरी.

आज कुठे काय

आज देशाचा नकाशा गोधडीसारखा आहे. न्यू जर्सीत मालक डॉक्टर ठरवतो. न्यूयॉर्कमध्ये मान्यताप्राप्त डॉक्टरांतून आपण. पेनसिल्व्हेनियात मालकाने किमान सहा नावांची यादी लावली असेल तर नव्वद दिवस त्या यादीतून. पण यादी नीट लावली नाही, किंवा कामगाराकडून ती समजल्याची लेखी पोच घेतली नाही, तर निवड मोकळी. जॉर्जियातही किमान सहा डॉक्टरांची यादी भिंतीवर लागते आणि यादीतल्या यादीत एकदा बदल करता येतो. फ्लोरिडात इन्शुरन्स कंपनी ठरवते, लेखी मागितल्यावर एकदा डॉक्टर बदलून देते. इलिनॉयमध्ये आपल्याला दोन निवडी. २०११ नंतर मालकाचे मान्य जाळे असले आणि ते नाकारले तर त्यातली एक खर्ची पडते. मिशिगनमध्ये पहिले अठ्ठावीस दिवस मालकाचे, मग आपण मोकळे. टेक्ससमध्ये तर खाजगी मालक या पद्धतीच्या बाहेरही राहू शकतो, तेव्हा आपला मालक आत आहे की बाहेर हे आधी विचारावे.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम. तुमच्याकडे आरोग्यविमा असेल आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची आधी संमती असेल, तर 'कामावर दुखापत झाल्यास हेच माझे डॉक्टर' असे मालकाला लेखी कळवून ठेवता येते. अट एकच, कागद अपघाताच्या आधीचा हवा. तहान लागल्यावर विहीर खणून इथे चालत नाही.

कुठल्याही राज्यात असा, इन्शुरन्सचा एक शब्द ओळखून ठेवा: 'इंडिपेंडंट मेडिकल एक्झामिनेशन'. नाव स्वतंत्र, पण बहुतेक वेळा तपासणारा इन्शुरन्सने नेमलेला आणि त्यांच्याच पैशाने आलेला असतो. तो उपचार करत नाही, मत देतो. त्याच्याकडे जायचेच, नाहीतर पैसे थांबू शकतात. सभ्यपणे जायचे, खरे तेच सांगायचे, वाढवून नाही आणि आपल्या सवयीप्रमाणे 'तसं बरंय' म्हणून कमी करूनही नाही. 'तसं बरंय' हे त्या अहवालात शब्दशः उतरते.

व्हिसावर असलेल्या मुलामुलींनाही हे सांगायला हवे, की भरपाईचा हक्क नोकरीबरोबर येतो, ग्रीन कार्डाबरोबर नव्हे. घाबरून दुखणे लपवू नका. आणि मध्येच पुण्याला जाऊन मालिश करून येतो म्हणणाऱ्यांना १९२३ चे ते पोटकलम मी वाचून दाखवतो. शंभर वर्षे झाली, बोटीच्या जागी विमान आले, पण क्लेम चालू असताना न सांगता गावी गेलेल्या माणसाचे हाल तेच होतात. जावे लागले तर आधी लेखी विचारून जा.

आपल्यातले जे डॉक्टर अशा क्लिनिकांत बसतात त्यांच्याविषयी शेवटी बोलतो. आपल्या समाजात डॉक्टरला मान आहे, आणि मराठी आडनावाच्या डॉक्टरपुढे आपण प्रश्न न विचारता कागदावर सही करतो. ही श्रद्धा चांगली आहे, पण तिचा भार त्यांच्यावर पडतो. मला त्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी दार लावून जे सांगितले, ते पहिल्याच भेटीत सांगितले असते तर माझे सात महिने वाचले असते. तरी त्यांनी सांगितले, हे मी विसरलेलो नाही. मालक कोणीही असो, रोग्याला 'मी इथे कोणासाठी बसलोय' एवढे एक वाक्य आधी सांगणे कुठल्याही राज्याच्या कायद्यात बसते.

वडील १९८५ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत ई.एस.आय.चे ओळखपत्र निघाले, घडीवर फाटलेले. त्यावर पॅनेल डॉक्टरांचे नाव शाईने लिहिलेले आहे. ते इथे माझ्या टेबलाच्या खणात, खांद्याच्या कागदांच्या फाईलवरच ठेवले आहे.